विद्यापीठांतर आणि राहून गेलेले विषय



चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी होती की, मी नव्या कामगार-संहितांविषयी बोलेन. माझा जन्म त्याच कामात गेला आहे, तेव्हा ती अपेक्षा रास्तच होती. परंतु मी त्यांना म्हटले, यंदा मला दुसऱ्याच एका गोष्टीविषयी बोलू द्या. विद्यापीठ बदलणाऱ्या मुलांविषयी. चालक जरा चपापले. ज्या माणसाने विद्यार्थी म्हणून कॉलेजची पायरी कधी चढली नाही, ज्याचे सारे शिक्षण दहावीनंतर कारखान्यात आणि आपल्या नगर वाचनालयात झाले, त्याने विद्यापीठांच्या अभ्यासक्रमांविषयी काय बोलावे? ही शंका आपणांपैकी पुष्कळांच्या मनात असेल. तिचे उत्तर मी व्याख्यानाच्या ओघात देणार आहे. आधी एवढेच सांगतो की, ह्या विषयाकडे मी हौसेने वळलो नाही. एका चुकीने मला तिकडे ढकलले, आणि ती चूक माझी होती.

कामगारांच्या बदल्या आपल्याला नव्या नाहीत. कारखान्याचा एखादा विभाग दुसऱ्या गावी हलतो, नाही तर कारखानाच बंद पडतो आणि माणसे पोटामागे दुसऱ्या औद्योगिक वसाहतीत जातात. माणूस गेला की बिऱ्हाड जाते, आणि बिऱ्हाडाबरोबर मुले जातात. शाळेतल्या मुलाचे फारसे बिघडत नाही. सातवीतला मुलगा एका गावच्या शाळेतून दुसऱ्या गावच्या शाळेत सातवीतच बसतो. पुस्तके राज्यभर एकच, मास्तर तेवढे निराळे. कॉलेजातल्या मुलाची गोष्ट तशी नाही. आपल्या राज्यात मुंबईचे विद्यापीठ १८५७ चे, नागपूरचे १९२३ चे, पुण्याचे १९४९ चे, औरंगाबादचे १९५८ चे, कोल्हापूरचे १९६२ चे. पुढे अमरावती, जळगाव, नांदेड, सोलापूर, गडचिरोली अशी नवी विद्यापीठे निघाली. प्रत्येकाचे अभ्यास मंडळ निराळे आणि विषयांचा क्रमही निराळा. जिल्ह्याची शीव ओलांडली की विद्यापीठ बदलते. मग आधल्या ठिकाणी जे शिकून झाले त्यातले किती धरायचे, आणि जे तिथे अजून शिकवलेच नव्हते त्याचे काय करायचे, हा प्रश्न उभा राहतो. आज मी बोलणार आहे तो ह्या दुसऱ्या अर्ध्याविषयी अधिक.

आता माझ्या चुकीची हकिगत सांगतो. कारखान्याचे नाव घेत नाही, गावांचीही नाही; सांगून आता कोणाचे भले व्हायचे नाही.

२०२२ सालच्या पावसाळ्यात आमच्या एका युनिटमधल्या व्यवस्थापनाने एक विभाग दुसऱ्या गावी हलवायचे ठरवले. साठ-सत्तर माणसांचा प्रश्न होता. आम्ही चार महिने झगडलो. विभाग हलणे थांबवता आले नाही, परंतु बदलीच्या अटी चांगल्या मिळवल्या. नोकरी अखंड धरायची, पगार कमी करायचा नाही, सहा महिने घरभाडे कंपनीने द्यायचे, सामानाच्या लॉरीचे भाडे कंपनीने द्यायचे, नवरा-बायको आणि मुलांचे प्रवासभाडे द्यायचे. करारावर सही झाली त्या दिवशी गेटवर पेढे वाटले. माझ्या गळ्यात हार पडला, आणि खोटे कशाला बोलू, मला तो आवडला. बदलीची तारीख ठरली १ जानेवारी २०२३.

त्या माणसांत एक फिटर होता, माझा जुना सहकारी. त्याची थोरली मुलगी बी. एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होती, गणित घेऊन. हुशार पोर. घरात पहिलीच कॉलेजात गेलेली. कंपनीचे क्वार्टर डिसेंबरअखेर सोडायचे होते आणि गावात ठेवायला जवळचे कोणी नव्हते, म्हणून तिने तिसऱ्या सत्राची परीक्षा दिली आणि ती आईवडिलांबरोबर नव्या गावी गेली. दाखला घेतला, स्थलांतर प्रमाणपत्र घेतले, गुणपत्रिका घेतल्या, आणि नव्या विद्यापीठाच्या कॉलेजात चौथ्या सत्राला प्रवेश मागितला. कार्यालयाने कागद पाहिले. श्रेयांक मोजले, तिन्ही सत्रांचे भरले. पात्रतेचा अर्ज भरून घेतला, फी घेतली, प्रवेश दिला. वडिलांनी मला फोन केला, "दादा, काम झालं." मीही निश्चिंत झालो.

पंधरा दिवसांनी मुलीचा फोन आला. म्हणाली, "काका, वर्गात मला काही समजत नाही." मी तिला म्हटले, नवे गाव आहे, नव्या मैत्रिणी, समजेल हळूहळू. हा माझा दुसरा अपराध. ती तक्रार करणारी पोर नव्हती, आणि अशी माणसे जेव्हा तक्रार करतात तेव्हा कान टवकारायचे असतात, हे मी कामगारांच्या बाबतीत तीस वर्षे शिकलो होतो. मुलीच्या बाबतीत मात्र विसरलो.

घडले होते ते असे. मी गणिती नाही, परंतु मागाहून दोन्ही अभ्यासक्रम समोर ठेवून तिच्याकडून आणि तिच्या प्राध्यापकांकडून ते समजून घेतले आहे, म्हणून सांगू शकतो. तिच्या पहिल्या विद्यापीठात तिसऱ्या सत्रापर्यंत साधे कलनशास्त्र, बीजगणित, भूमिती आणि संख्याशास्त्राचे काही भाग झाले होते. अनेक चलांचे कलनशास्त्र, म्हणजे एकाच वेळी दोन-तीन राशी बदलत असतील तर हिशेब कसा करायचा, हा भाग तिथे चौथ्या सत्रात होता. नव्या विद्यापीठात तोच भाग तिसऱ्या सत्रात शिकवून संपला होता, आणि चौथ्यात त्याच्यावर उभा असलेला सदिश कलनशास्त्राचा पेपर चालू होता. भूमितीचा जो पेपर तिने आधीच उत्तम गुणांनी उत्तीर्ण केला होता, तो इथे चौथ्या सत्रात होता. म्हणजे जे झाले ते तिच्या वाट्याला पुन्हा आले, आणि जे व्हायला हवे होते ते दोन विद्यापीठांच्या मधल्या फटीत पडले. एकाने ते अजून शिकवले नव्हते, दुसऱ्याने शिकवून संपवले होते. कागदावर तिचा एकही श्रेयांक कमी नव्हता.

त्या सत्रात ती सदिश कलनशास्त्रात नापास झाली. तिच्या आयुष्यातले पहिले अपयश. पुढच्या वर्षी तिला तिसऱ्या सत्राचा तो राहिलेला पेपर आणि हा पेपर असे दोन्ही बरोबर घेऊन बसावे लागले, तिसरे वर्ष लांबले, आणि त्या वाढीव वर्षाला फीची सवलत मिळाली नाही. त्या वर्षी सकाळी कॉलेज आणि संध्याकाळी औषधाच्या दुकानात हिशेब लिहिणे, असे तिने केले. पदवी मिळाली ती २०२४ च्या ऐवजी २०२५ साली.

तिचे वडील मला भेटले तेव्हा रागावले नाहीत. रागावले असते तर बरे झाले असते. ते एवढेच म्हणाले, "दादा, लॉरीचं भाडं तुम्ही पै न् पै मिळवून दिलंत. पोरीचं वर्ष तेवढं करारात नव्हतं."

श्रोतेहो, ते खरे होते. बदलीची तारीख १ जानेवारीऐवजी १ मे असती, किंवा क्वार्टर उन्हाळ्यापर्यंत राहू दिले असते, तर तिने चौथे सत्र मूळ ठिकाणी पुरे केले असते आणि दोन्ही क्रम दुसऱ्या वर्षाच्या अखेरीस बहुतेक एका जागी येऊन मिळाले असते. व्यवस्थापनाने एवढे कबूल केले असते की नाही, मला माहीत नाही. मी ते मागितलेच नव्हते. साठ-सत्तर माणसांच्या यादीत कोणाची मुले कॉलेजात आहेत, कोणत्या वर्षाला आहेत, हा रकाना आमच्या कागदात नव्हता.

आता आपण म्हणाल, मग दोष विद्यापीठांचा; आधीचे विषय झालेच पाहिजेत ही अट कशाला? कामगार पुढाऱ्याने अशा वेळी अट काढून टाका अशी घोषणा द्यावी, ही लोकांची अपेक्षा असते. मी ती देणार नाही, आणि का देणार नाही ते माझ्याच अनुभवावरून सांगतो.

मी अठराव्या वर्षी लेथवर हेल्पर म्हणून लागलो. चार वर्षांनी एक मिलिंग मशीनवाला रजेवर गेला, आणि फोरमनने मला त्या मशीनवर उभे केले. मशीन चालवणे मला येत होते. हात बसला होता. परंतु ड्रॉइंग वाचायला मी कधी शिकलो नव्हतो. मापाशेजारी जे बारीक अधिक-उणे लिहिलेले असते, ज्याला आम्ही टॉलरन्स म्हणतो, ते काय आहे हे मला ठाऊक नव्हते, आणि विचारण्याची लाज वाटली. दुपारपर्यंत मी बावीस नग काढले. सगळे भंगारात गेले. दिसायला सुरेख होते, बसत कुठेच नव्हते. त्या फोरमनवर मी बरेच दिवस रागावलो होतो. पुढे समजले की, त्याने माझ्यावर उपकार करायचा म्हणून मला वर चढवले होते. मधली पायरी गाळून वर चढवणे हा उपकार नसतो. त्याच महिन्यात मी नगर वाचनालयातून यांत्रिक रेखाकलेचे एक फाटके पुस्तक आणले आणि रात्री शिकलो. माझे वाचन तिथून सुरू झाले.

म्हणून मी म्हणतो की, एक विषय दुसऱ्याच्या आधी यावा ही अट कारकुनाच्या लहरीतून आलेली नाही. ज्याला आंशिक विकलन येत नाही त्याला सदिश कलन येणार नाही. हे विद्यापीठाच्या ठरावाने बदलत नाही. पदविका पुरी करून अभियांत्रिकीच्या थेट दुसऱ्या वर्षाला जाणारी मुले आपल्या परिचयाची असतील. माझ्या सभासदांची कितीतरी मुले त्या वाटेने गेली. वर्कशॉपमध्ये आणि ड्रॉइंगमध्ये ही मुले बारावीवरून आलेल्यांना मागे टाकतात, आणि गणिताच्या तिसऱ्या पेपरात अडकतात. कारण पहिला आणि दुसरा पेपर ज्या पहिल्या वर्षात होतो ते वर्ष त्यांना माफ झालेले असते. वर्ष माफ झाले, गणित माफ झाले नाही. बी. एस्सी. होऊन अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला येणाऱ्यांसाठी मात्र अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेने आपल्या नियमांत स्पष्ट अट घातली होती की, पहिल्या वर्षाचे अभियांत्रिकी रेखाकला आणि यांत्रिकी हे विषय दुसऱ्या वर्षाबरोबर त्यांनी उत्तीर्ण व्हावेत. ही अट मुलांना जाचक वाटते. मला ती प्रामाणिक वाटते. काय राहिले आहे ते तिने आधीच नाव घेऊन सांगितले.

तेव्हा तक्रार अटीविषयी नाही. अट आहे हे प्रवेशाच्या दिवशी न सांगण्याविषयी आहे.

आपल्याकडे ह्या बाबतीत अलीकडे एक मोठी सुधारणा झाली आहे, आणि तिचे श्रेय दिलेच पाहिजे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात श्रेयांकांच्या पेढीची कल्पना आली, आणि २८ जुलै २०२१ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने तिचे नियम केले. अकॅडेमिक बँक ऑफ क्रेडिट्स असे तिचे नाव. विद्यार्थ्याचे खाते उघडायचे, त्याने जिथे जिथे जे श्रेयांक मिळवले ते त्या खात्यात जमा व्हायचे, आणि पदवी घेताना ते वापरायचे. साधारणपणे जमा श्रेयांक सात वर्षांपर्यंत चालतात. ज्या संस्थेची पदवी घ्यायची तिथले निदान निम्मे श्रेयांक असले पाहिजेत. एकदा एका पदवीसाठी वापरलेले पुन्हा वापरता येत नाहीत. आपल्या राज्यात संलग्न महाविद्यालयांत नवी रचना २०२४-२५ पासून लागू झाली. दर सत्राला २० ते २२ श्रेयांक. एक वर्ष करून थांबलात तर प्रमाणपत्र, दोन वर्षांनी पदविका, तीन वर्षांनी पदवी, चार वर्षांनी ऑनर्स.

कामगारांना ही पेढी मी प्रॉव्हिडंट फंडाच्या उदाहरणाने समजावून सांगतो. पूर्वी नोकरी बदलली की फंडाचे खाते बदलायचे. जुन्या खात्यातले पैसे नव्यात आणायला तेरा नंबरचा फॉर्म भरायचा, दोन्ही मालकांच्या दारी खेटे घालायचे, आणि कितीकांनी कंटाळून ते पैसे जुन्या जागीच सोडून दिले. २०१४ पासून माणसाला एकच कायमचा क्रमांक मिळाला. मालक बदलला तरी क्रमांक तोच. श्रेयांकांच्या पेढीने विद्यार्थ्यासाठी हेच केले. आधीच्या पिढीतली मुले विद्यापीठ बदलताना केलेली वर्षेच गमावून बसत, ती तशी बसू नयेत ह्यासाठी ही सोय आहे.

परंतु इथेच दृष्टांत संपतो, आणि तो कुठे संपतो हे पाहिलेच पाहिजे. फंडातला रुपया हा रुपया असतो. तो नाशिकला मिळवला की नागपूरला, ह्याने फरक पडत नाही. श्रेयांक तसा नाही. एक श्रेयांक म्हणजे साधारण पंधरा तासांची शिकवणी. ती कशाची, हे त्या आकड्यात दिसत नाही. नव्या रचनेत मुख्य विषय, गौण विषय, खुला ऐच्छिक विषय, कौशल्य, भाषा, मूल्यशिक्षण, भारतीय ज्ञानपरंपरा, क्षेत्रकार्य असे कप्पे आहेत. पहिल्या वर्षी मुख्य विषयाचा कप्पा ह्या सगळ्यांतला एक आणि तोही मध्यमच. म्हणजे मुलाने सगळे श्रेयांक पुरे केले आणि तरीही मुख्य विषयाचा पाया कच्चा राहिला, असे पूर्वीपेक्षाही सहज घडू शकते. पेढी बेरीज करते. क्रम लावण्याचे काम तिचे नाही, ते अभ्यास मंडळाचे आणि कॉलेजातल्या त्या त्या विभागाचे आहे. त्या मुलीच्या बाबतीत कार्यालय तळमजल्यावर होते आणि गणित विभाग दुसऱ्या मजल्यावर. मधला जिना तिच्या कागदाने चढायला हवा होता.

हा घोळ आपल्याकडेच आहे असे समजू नका. अमेरिकेत, जिथे विद्यापीठ बदलणे ही रोजची गोष्ट आहे, तिथे हाच प्रश्न फार जुना आहे. कॅलिफोर्निया राज्याने १९६० साली उच्च शिक्षणाचा एक मोठा आराखडा केला. त्यात ठरले की, वरच्या गुणांच्या मुलांनी थेट विद्यापीठात जावे, बाकी कोणालाही गावोगावच्या दोन वर्षांच्या महाविद्यालयात प्रवेश मिळावा, आणि तिथे चांगला अभ्यास केला तर तिसऱ्या वर्षाला विद्यापीठात जाता यावे. गरिबाच्या मुलाला मागल्या दाराने नव्हे, तर दिंडीदरवाजानेच आत येण्याची ही वाट होती. आज तिथे अशी ११६ सार्वजनिक महाविद्यालये आहेत. त्यांना कम्युनिटी कॉलेज म्हणतात.

वाट झाली, आणि वाटेत मुले अडखळू लागली. तिसऱ्या वर्षाला जायला तिथे सत्रपद्धतीचे ६० श्रेयांक लागतात. मुले ६० भरून जात, इतिहास, इंग्रजी, समाजशास्त्र असे सर्वसाधारण विषय घेऊन. आणि गणित किंवा अभियांत्रिकी मुख्य विषय घ्यायचा म्हटले की कळे, अनेक चलांचे कलनशास्त्र, रेषीय बीजगणित, अवकल समीकरणे हे पहिल्या दोन वर्षांतच व्हायला हवे होते. काहींना प्रवेश मिळत नसे, काहींना मिळे आणि वर्ष वाढे. आमच्या फिटरच्या पोरीची गोष्ट तिकडेही घडतच होती, इंग्रजीतून. २०१७ साली अमेरिकी सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या कचेरीने अहवाल दिला. २००४ ते २००९ ह्या काळात एका संस्थेतून दुसरीत गेलेल्या विद्यार्थ्यांचे सरासरीने सुमारे ४३ टक्के श्रेयांक वाया गेले, असा त्यात अंदाज आहे. शंभरातले त्रेचाळीस! कारखान्यात एवढे भंगार निघाले असते तर कारखाना महिन्यात बंद पडला असता.

कॅलिफोर्नियाने त्यावर दोन उपाय केले, ते मला महत्त्वाचे वाटतात. एक, १९८५ पासून 'असिस्ट' नावाचे एक कोष्टक चालवले. आज ते कोणालाही घरबसल्या फुकट पाहता येते. आपले महाविद्यालय निवडायचे, जायचे ते विद्यापीठ निवडायचे, मुख्य विषय निवडायचा. मग डाव्या-उजव्या बाजूंनी यादी येते, तिकडचा हा पेपर म्हणजे तुमच्याकडचा हा पेपर, आणि ह्याला तुमच्याकडे जोड नाही. ते शेवटचे वाक्य सोन्याचे आहे. जोड नाही हे मुलाला दोन वर्षे आधी कळते. दुसरा उपाय २०१० चा कायदा. ठरलेल्या विषयात बदलीसाठीची खास पदविका पुरी केली, तर कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी त्या मुलाला तिसऱ्या वर्षात घेईल आणि पुढे ६० पेक्षा अधिक श्रेयांक करायला लावणार नाही. अर्थात हमी त्या विद्यापीठाच्या कुठल्या तरी एका आवाराची. हवे तेच आवार, हवा तोच विषय मिळेल असे नाही. कराराची बारीक अक्षरे तिकडेही असतात.

युरोपातली एक गोष्ट मला मात्र विशेष भावली, कारण ती आमच्याच धंद्यातली आहे. तिथे १९८७ पासून इरॅस्मस नावाची योजना आहे. एका देशातला विद्यार्थी काही महिने दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकतो. निघण्यापूर्वी एक अभ्यास-करारनामा होतो. तिथे तो कोणते पेपर करील आणि इथे ते कशाच्या बदली धरले जातील हे त्यात लिहिलेले असते, आणि त्यावर तीन सह्या असतात. विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या विद्यापीठाची आणि घेणाऱ्या विद्यापीठाची. मंडळी, हा त्रिपक्षीय करार आहे! आम्ही मालक, सरकार आणि कामगार ह्यांच्या त्रिपक्षीय बैठकांत आयुष्य घालवले, आणि विद्यार्थ्याच्या बाबतीत असा कागद असू शकतो हे मला पन्नाशीनंतर कळले. ती सोय थोड्या महिन्यांसाठी जाऊन परत येणाऱ्यांची आहे, कायमचे जाणाऱ्यांची नव्हे, हे खरे. परंतु पद्धत घेण्यासारखी आहे. आपल्या राज्यातल्या विद्यापीठांनी मुख्य विषयांचे तरी असे परस्पर कोष्टक करून सर्वांसमोर ठेवले, तर त्याला कारखान्याएवढे भांडवल लागणार नाही. प्रत्येक विषयाच्या दोन-दोन प्राध्यापकांनी उन्हाळ्याच्या सुटीत आठ दिवस बसले की पुरे. आमच्या संघटनेने तसा अर्ज केला आहे. पोच मिळाली आहे, उत्तर यायचे आहे.

तोपर्यंत घरोघर काय करायचे? विद्यापीठ बदलण्याची पाळी आली तर दाखला काढण्याच्या आधी नव्या कॉलेजात जा. दाखला काढल्यावर आपण उंबऱ्याबाहेर असतो आणि घासाघीस करायची ताकद उरत नाही. जाताना गुणपत्रिका तर न्याच, परंतु प्रत्येक सत्राचा छापील अभ्यासक्रमही न्या. पेपराचे नाव सारखे आणि आतला मजकूर निराळा, किंवा उलट, असे पुष्कळदा असते. कार्यालयात थांबू नका. विभागप्रमुखांना भेटा आणि श्रेयांक किती धरणार हे न विचारता असे विचारा की, पुढच्या सत्रातला प्रत्येक पेपर समजायला आधीचे काय लागते, आणि त्यातले माझ्या मुलाचे काय झालेले नाही. जे झालेले नाही ते कधी आणि कसे पुरे करायचे हे लिहून घ्या. जुन्या सत्रातला पेपर राहिलेला असेल तर तो कोणत्या विद्यापीठात द्यायचा ह्याचे नियम विद्यापीठागणिक निराळे आहेत, तेही विचारा. तोंडी आश्वासन देणारा कारकून लबाड नसतो. त्याची बदली होते, एवढेच.

आणि एखादे सत्र मागे बसण्याची पाळी आली, तर लगेच अपमान मानू नका. त्या मुलीला कार्यालयाने जानेवारीत सांगितले असते की, बाई, तुझा एक पेपर राहतो आहे, सहा महिने तो कर आणि जुलैत तिसऱ्या सत्राच्या वर्गात बस, तर त्या दिवशी आम्ही सगळे भांडायला उठलो असतो. मीच मोर्चा नेला असता कदाचित. आज वाटते, तो सल्ला बरोबर ठरला असता. वर्ष तेवढेच गेले असते, नापास हा शब्द गेला नसता.

तिच्यासाठी एक गोष्ट चांगली घडली ती सांगायची राहिली. त्या कॉलेजातल्या गणिताच्या एका बाईंनी नापास झाल्यावर तिला बोलावून घेतले, तिचे जुने अभ्यासक्रम पाहिले, आणि पाच मिनिटांत कुठे फट आहे ते ओळखले. मग शनिवारी दुपारी एक तास अशा आठ-दहा बैठकांत तो राहिलेला भाग शिकवला. पैसा घेतला नाही. जे काम पाच मिनिटांत ओळखता येत होते ते प्रवेशाच्या दिवशी कोणी त्यांच्याकडे पाठवले नव्हते, ह्याचे त्यांनाच वाईट वाटत होते.

आमच्या संघटनेने त्यानंतर बदलीचे दोन करार केले. दोन्हींत एक नवे कलम आहे. ज्या कामगाराचे मूल कॉलेजात शिकत असेल त्याची बदली शैक्षणिक वर्षाच्या अखेरीपर्यंत लागू होणार नाही, किंवा तोपर्यंत क्वार्टर काढून घेतले जाणार नाही. पहिल्या करारात व्यवस्थापनाने फारशी खळखळ केली नाही. त्यांच्या अधिकाऱ्यांचीही मुले कॉलेजातच होती. दुसऱ्या ठिकाणी आम्हाला त्या कलमासाठी घरभाड्याचा एक महिना सोडावा लागला. काही सभासद त्यावर अजून नाराज आहेत, विशेषतः ज्यांची मुले लहान आहेत ते. त्यांचेही चुकते असे मला म्हणवत नाही.

ती मुलगी आता बी. एड. करते आहे. मागल्या दिवाळीत घरी आली होती. तिच्या धाकट्या भावाला तंत्रनिकेतनातून अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला जायचे आहे, आणि त्याला गणिताचे पहिले दोन पेपर ती आतापासून घरी शिकवते आहे, असे तिने सांगितले.

रविवारी सकाळी नऊ ते बारा आमचे कार्यालय उघडे असते. ज्यांच्या घरी असा प्रसंग असेल त्यांनी गुणपत्रिका आणि दोन्ही विद्यापीठांचे अभ्यासक्रम घेऊन यावे. सभासद असण्याची अट नाही. गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक आणि वाणिज्याच्या एक बाई तिथे बसतात. मी चहाची व्यवस्था पाहतो.